पाणी न पिणाऱ्या बायका

सांगली
६ मार्च १९९७

अण्णा,

तीर्थरूप लिहिणार होते. पण 'तो भाग पुसल्याशिवाय मला बाप म्हणू नकोस' असं संक्रांतीला तुम्हीच म्हणालात, आणि तो भाग मी पुसलेला नाही. म्हणून नुसतं अण्णा. तसं तर तुम्हाला सगळं मेढा अण्णाच म्हणतं.

हे पत्र आईला वाचून दाखवा. सगळं वाचणार नसाल तर एवढं तरी सांगा, की मी बरी आहे आणि श्रेणिकदादांच्या स्टुडिओतलं काम टिकून आहे. लग्नांचं शूटिंग करायचं, मग महिनाभर बसून ते जोडायचं. मुहूर्त नसेल त्या दिवशी कॅमेरा मोकळा असतो आणि दादा तो मला नेऊ देतात. माझी फिल्म अशा बिनमुहूर्ताच्या दिवसांतच झाली. बावीस मिनिटांची आहे. नाव, 'पाणी न पिणाऱ्या बायका'.

जेवताना तुम्ही निम्मंच ऐकलंत आणि ताट सारलंत, म्हणून पुन्हा सांगते. इथं हळदीच्या एका गोदामात बायका सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हळकुंडं निवडतात. तिथं बायकांसाठी संडास नाही. म्हणून त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत. एवढीच गोष्ट आहे. शेवटी आई बोलते, साताऱ्याच्या कारखान्यात ती पॅकिंगला होती तेव्हाचं. तुम्ही घरची अब्रू म्हणालात ती एवढीच. फिल्म तुम्ही अजून पाहिलेली नाही.

आता ती लोकांना कशी दाखवायची हा प्रश्न आहे. थिएटरवाले हसले. एकजण म्हणाला, "ताई, बायका पाणी पीत न्हाईत ह्यात श्टोरी काय? हिरो कोन हाय?" शेवटी भरतेश तयार झाला. तो आमच्या भागात केबल चालवतो. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी, सोळा तारखेला, दुपारी तीन वाजता तो फिल्म लावणार आहे. दुसरा पिक्चर चालू असताना खालून पट्टी सरकते ना, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि साड्यांचा सेल असलेली, त्या पट्टीत चार दिवस आधीपासून फिल्मचं नाव येईल. रिक्षावर भोंगा लावायला परवानगी लागते, म्हणून मी चौकाचौकातल्या मंडळांना भेटून त्यांच्या फलकांवर खडूनं लिहून घेतेय. एका मंडळानं गणपतीच्या वर्गणीदारांच्या वर जागा दिली. दुसऱ्यानं निधनवार्तेच्या खाली.

हे लिहिताना तुमचा फलक आठवला. मला कळतंय तेव्हापासून बाजारपेठेतला फलक तुम्ही एक दिवस चुकवला नाही. मी बी.ए. झाले तेव्हा 'आपल्या घराण्यातील पहिली पदवीधर' असं तुम्ही रंगीत खडूनं लिहिलंत आणि आठ दिवस कुणाला पुसू दिलं नाहीत. मेढ्यात आमचं केबल दिसत नाही, हे मला माहीत आहे. तरी सोळा तारखेच्या सकाळी फिल्मचं नाव तेवढं फलकावर लिहाल का? लेकीनं काहीतरी केलं, एवढंच.

नाही लिहिलंत तरी फिल्म लागणार आहे.

विजयमाला


सांगली
१७ मार्च १९९७

अण्णा,

लागली नाही.

तीन वाजता मी, श्रेणिकदादा आणि गोदामातल्या पाच-सहाजणी, अशा आम्ही स्टुडिओतल्या टीव्हीसमोर बसलो होतो. त्या सुट्टीच्या दिवशी केस धुऊन, चांगली लुगडी नेसून आल्या होत्या. कुणी चिवडा आणला होता. तीन वाजले आणि पडद्यावर भजनं सुरू झाली. आम्ही वाट पाहिली. चारलाही भजनंच. त्यांतली एक म्हातारी म्हणाली, "आमी हितं बी टीव्हीत यीना झालो व्हय गं?" आणि सगळ्या हसल्या. मला हसता आलं नाही.

भरतेशच्या घरी गेले. तो दारातच उभा राहिला.

"मी काय करू सांग. त्या गोदामाच्या मालकाची जाहिरात हाय माझ्याकडं, वर्षाची. सकाळी माणूस आला, म्हणाला भरतेश, तुझ्या पट्टीत आमची बेअब्रू सरकालीय."

"फिल्ममध्ये गोदामाचं नाव कुठंय?"

"नाव नसलं म्हणून काय, पोती वळखत्यात की लोकं! बाहेरचं शूटिंग तेवढं काप. बायका बोलतात तेवढं ठेव. पुढच्या रविवारी लावतो, आईशप्पत."

अण्णा, संक्रांतीला तुम्ही म्हणालात आईचा भाग काढ, बाकी काय हवं ते कर. भरतेश म्हणतो गोदाम काढ, बाकी लावतो. दोघांचं ऐकलं तर पडद्यावर बायका तेवढ्या राहतील, त्या कुठल्या, कुणाच्या ते नाही. मी त्याला नाही म्हणाले. तुम्हालाही परत एकदा नाही म्हणते.

फलकावर तुम्ही काही लिहिलंत की नाही ते कळलं नाही. विचारायलाही कुणी नाही. आईला हे पत्र वाचून दाखवलंत तर भजनांचं सांगू नका, तिला वाईट वाटेल. नाहीतर सांगा. तिला वाईट वाटू नये म्हणून इतकी वर्षं सगळेच गप्प बसत आलो.

विजयमाला


सांगली
२ मे १९९७

अण्णा,

मधे लिहिलं नाही. लग्नसराई होती, आणि खरं सांगायचं तर लिहिण्यासारखं काही नव्हतं. चौकाचौकात फिरून फलकांवरचं नाव मीच पुसून आले. लोक विचारायचे, "काय झालं गं तुझ्या पिक्चरचं?" त्यांनी वाट बघितली होती, हे मला तेव्हा कळलं.

आता एक झालं आहे. ते दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी सांगते.

सुंदरी नावाची मुलगी आहे. तिच्या लग्नाचं शूटिंग मी केलं. तिला साताऱ्याला दिलीय. लग्नानंतर माहेरपणाला आली की मुलगी स्टुडिओत येते, कॅसेटमध्ये कुठं कुठलं गाणं घालायचं ते ठरवायला. आमच्याकडची ही रीतच आहे. सुंदरी आली, गाणी निवडली, आणि म्हणाली, "मार्चमध्ये पट्टीत एक नाव सरकत होतं. पाणी न पिणाऱ्या बायका. मी तीनला लावलं तर भजन. ती तुझीच ना?"

मी दाखवली. ती सगळी बावीस मिनिटं हलली नाही. मग म्हणाली, "ते गोदाम आमचं आहे."

मला माहीत नव्हतं, अण्णा. लग्न मुलाकडच्यांनी ठरवलेल्या कार्यालयात झालं, शूटिंगही त्यांनीच सांगितलं होतं. वधूपित्याला मी फेट्यात पाहिलं होतं, गोदामात कधीच नाही. मला वाटलं आता ती उठून जाणार. ती म्हणाली, "लग्नाच्या दिवशी पहाटेपासून मला कुणी पाणी दिलं नाही. मागितलं तर मावशी म्हणाली, एवढ्या जड शालूत तुला सारखं कुठं नेणार? दुपारी मला घेरी आली. कॅसेटमध्ये बघ, मी लाजून खाली बघतेय असं वाटतंय. लाजत नव्हते."

मी पुन्हा लावून पाहिलं. खरंच होतं. तिथंच आम्ही सनईचे सूर वाढवले होते.

मग तीच म्हणाली, "कॅसेट तीन तासांची. लग्न अडीच तासांचं. मागं रिकामी टेप राहते ना? तिथं घाल."

"तुझ्या वडिलांना काय सांगशील?"

"कॅसेट माझ्या लग्नाची आहे. वडिलांच्या नाही."

अण्णा, आजवर मी लोकांना फिल्मकडे बोलवत होते. ते कशाला येतील? लग्नाची कॅसेट मात्र कुणी एकट्यानं बघत नाही. दुपारी पुरुष बाहेर गेले की शेजारच्या दहाजणी जमतात, कारण प्रत्येकीला स्वतःचा चेहरा बघायचा असतो. मग ती मावशीकडे जाते, तिथून नणंदेकडे, आणि महिनाभर घरी परत येत नाही. या कॅसेटला कुठली पट्टी लागत नाही, कुठलं थिएटर लागत नाही. मी दोन वर्षं हे काम करतेय आणि मला सुचलं नव्हतं.

मी घातली. अक्षता, वरात, पाठवणी, आणि मग सुंदरी स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून सांगते, 'बसा अजून, उठू नका. पुढचं पण बघा.' ते तिनं मागून येऊन करून घेतलं. आईचा भाग आहे तसा आहे.

विजयमाला


सांगली
२१ मे १९९७

अण्णा,

सुंदरीचे वडील स्टुडिओत येऊन गेले. मी बाहेरून येत होते तर त्यांचा आवाज रस्त्यावर ऐकू येत होता. "व्याह्यांच्या घरात बसून माझं गोदाम बघितलं मी! माझं! जावयाच्या आईनं मला इचारलं, किती बायका हैत तुमच्याकडं कामाला? मी काय सांगायचं?"

श्रेणिकदादा एरवी उंदराला भिणारा माणूस. पण ते म्हणाले, "किती हैत ते सांगायचं की, अप्पा."

मी पुढं झाले आणि म्हणाले, टेप मी जोडली, काय बोलायचं ते मला बोला. तर माझ्याकडं बघून ते म्हणाले, "तुला आईबाप हायत का न्हाई?"

आहेत, म्हटलं. दोघंही फिल्ममध्ये आहेत.

हे बोलून गेल्यावर मलाच धक्का बसला, कारण तुम्ही फिल्ममध्ये दिसत नाही. पण आहात.

तुम्हाला वाटत असेल की आईला मी भरीला घातलं. दिवाळीत तुम्ही साताऱ्याला पेन्शनीला गेला होतात. मी आईला फक्त विचारलं, तुला मुतखडा का झाला? ती चुलीपुढं बसली होती आणि भाकरी थापता थापता बोलली. ती काय बोलली ते मी ताटावर तुम्हाला सांगायला लागले, पण तुम्ही निम्म्यात उठलात. आता शब्दाला शब्द लिहिते, म्हणजे दुसऱ्याच्या घरात पहिल्यांदा ऐकायची वेळ तुमच्यावर यायला नको.

"गेटाच्या कडंला हापिसातल्या सायबांचा संडास हुता. त्याची किल्ली वॉचमनच्या खुर्चीमागं खिळ्याला. वॉचमन म्हंजे आमचंच मालक, विजूचं वडील. आमी बायका भिताडामागं झाडीत जायाचो, न्हाईतर पाणीच प्याचो न्हाई. मी किल्ली कवा मागितली न्हाई, त्यांनी कवा दिली न्हाई. गेटातनं आत-भायेर जाताना आमी दोगं बी दुसरीकडं बगायचो."

हाच तो भाग. तुम्हाला मी खलनायक केलेलं नाही. आईनंही नाही. तिनं यात एक शिवीसुद्धा दिलेली नाही. पण किल्ली होती, हे खरं आहे, आणि खरं असलेलं मी पुसणार नाही. ते मी तुमच्याकडूनच शिकले. आपल्या म्हशीनं शाळेची बाग खाल्ली तेव्हा सगळे म्हणत होते, राहू द्या अण्णा, कुणाला कळलंय? तुम्ही दुसऱ्या दिवशी फलकावर लिहिलंत, 'शाळेची बाग लालासाहेबांच्या म्हशीने खाल्ली.' मी चौथीत होते. पोरं मला महिनाभर म्हैस म्हणून चिडवत होती. मी घरी येऊन रडले तर तुम्ही म्हणालात, म्हैस आपली असली तर आपलीच म्हणायची.

सुंदरीचे वडील जाताना दारात थांबले. त्यांनी श्रेणिकदादांना विचारलं, "गवंडी हाय का वो कुनी वळखीचा?" दादा म्हणतात बांधतील. मी म्हणते, बांधल्यावर बघू.

विजयमाला


सांगली
४ जून १९९७

अण्णा,

हे पत्र लगेच पोचायला हवं. पोचलं नाही तर कॅसेट आधी पोचेल.

साताऱ्यात सुंदरीच्या सासरच्या आळीत बनुबाई राहते. आठवते ना? आईबरोबर पॅकिंगला होती, मोठ्यानं बोलायची ती. नव्या सुनेची कॅसेट बघायला शेजारणी जमल्या त्यात तीही होती. शेवटी आई दिसली तशी, सुंदरी सांगत होती, बनुबाई टीव्हीसमोर जाऊन उभीच राहिली आणि ओरडली, "आगं ही आमची अंबू! बाजूला व्हा गं, ही आमची अंबू हाय!" कुणाला पुढचं काही दिसेना. पुन्हा मागं नेऊन लावावी लागली.

आता तिनं कॅसेट मागून घेतलीय आणि दोन-चार दिवसांत ती मेढ्याला येणार आहे. तुमच्याकडंच. आईला दाखवायला. आईनं ती अजून पाहिलेली नाही.

मी तिला पाठवलेलं नाही. थांबवलंही नाही. थांबवू शकले असते, सुंदरीनं फोन करून विचारलं होतं. मी म्हणाले, जाऊ दे.

पलीकडच्या वाण्याकडं व्हीसीआर आहे. तुम्ही बाहेर निघून जाऊ शकता. पण आईला अडवू नका, अण्णा. एवढं एकच मागते. तिला तिचा चेहरा बघू दे.

विजयमाला


सांगली
११ जून १९९७

अण्णा,

तुमचं पत्र आलं नाही. पण आज सकाळी स्टुडिओत फोन वाजला आणि पलीकडून बनुबाई एसटीडी बूथ हादरेल अशा आवाजात बोलत होती. तिनं जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते, कारण तुम्ही ते मला कधीच सांगणार नाही.

"आगं, आमी दुपारी बसलो वाण्याकडं. तुजी आय, मी आन आळीतल्या बायका. तुजा बाप दारात हुबा. आत यीना, भायेर जाईना. लगीन सपलं, पुढचं लागलं. तुजी आय दिसली. सोताला बगून आदी हासली, म्हनली, किती काळी दिसतीया मी. मग ते किल्लीचं आलं. तुजा बाप गेला निघून. आमी म्हटलं, झालं, आता आज घरात चूल पेटत न्हाई. अंबू म्हनली, नगं पेटूदे. परत लाव गं तेवढं. परत लावलं."

"मग?"

"मग काय! दुसऱ्या दिशी सकाळी मी गाडीला चालले तर बाजारपेठंत ही गर्दी. तुज्या बापानं फलक लिवलेला. थांब, मी लिवून घेतलंय पोस्टातल्या मास्तराकडनं, वाचून दावते. तू हस न्हाईतर रड, पर मदी बोलू नगंस, पैसं पडत्यात."

अण्णा, तिनं वाचलेलं असं होतं: 'रविवार दि. १५ जून, सायंकाळी सात वाजता, समाजमंदिरात, पाणी न पिणाऱ्या बायका ही फिल्म दाखविण्यात येईल. निर्माती कु. विजयमाला, बी.ए. यात अंबूबाई बोलतात. त्यातील गेटवरील वॉचमन मी. लालासाहेब.'

मी हसले नाही की रडले नाही. मी म्हणाले, पुन्हा वाच. तिनं वाचलं. मग म्हणाली, "आन आयक. तुजी आय आली तितं. कवा बाजारपेठंत येत न्हाई ती बाई. तिला वाचाय येत न्हाई. म्हनली, ह्यात माजं नाव कुटं हाय ते दावा. बापानं बोट ठिवलं. आन तुमचं कुटं हाय? त्यानं खाली दावलं. तर म्हनली, येवढंसं? माजं मोटं काडलंय, तुमचं बी तेवढंच काडा. समद्यांच्या म्होरं! तुज्या बापानं पुसलं आन मोटं काडलं, गड्या!"

आईला हे वाचून दाखवा. तुमच्याच तोंडून. तिला म्हणावं, विजूनं विचारलंय, आता हसतेस ना?

आणि तुम्हाला म्हणून सांगते. मी येतेय. शनिवारी, श्रेणिकदादांचा व्हीसीआर पोत्यात बांधून. पण एका गोष्टीचा गैरसमज नको. फलकावर नाव लिहिलंत म्हणून फिल्म बदलणार नाही. किल्ली जिथं आहे तिथंच राहील. सोमवारी साताऱ्यात बनुबाईच्या आळीत, मंगळवारी वाईला, आणि सुंदरीनं अजून चार लग्नांच्या कॅसेट ठरवल्यात त्या प्रत्येकीत. कुणी तुम्हाला विचारलं तर सांगा, म्हैस आपली आहे.

समाजमंदिराला बायकांसाठी संडास नाही, ते तुम्हाला माहीत आहे. रविवारी फिल्म आणि नंतरचं बोलणं धरून शंभर बायका दोन तास बसणार आहेत. शाळेच्या संडासाची किल्ली कुणाकडं असते ते शोधून ठेवा. मागायला कुणी येणार नाही. तुम्हीच ती घेऊन दारात उभे राहा.

लहानपणापासून आईनं एकच शिकवण दिली, एसटीत बसायच्या आधी पाणी पिऊ नये. सांगली ते सातारा, सातारा ते मेढा, कोरड्या तोंडानं मी किती फेऱ्या केल्या ते देव जाणे. यावेळी स्टँडवर उभी राहून पोटभर पाणी पिणार आहे. वाटेत कंडक्टरला गाडी थांबवायला सांगेन. त्याला काय म्हणायचं ते म्हणू दे.

तुमची आणि आईची,
विजयमाला